कौसाचा कायमचा पत्ता

कौसा,

गाडीचा ड्रायव्हर मला म्हणला, "काका, कुठं घ्यायचं?"

तू मागं होतीस, पांढऱ्या चादरीखाली. लातूरच्या दवाखान्यातून कागद हातात मिळाले होते. त्यानं गाडी चालू करून ठेवली होती. बिचाऱ्यानं साधी गोष्ट विचारली. माणूस मेला की त्याला कुठंतरी न्यायचंच असतं, आणि कुठं ते घरच्यांना ठाऊक असतं. मी नुसता समोरच्या काचेतून बघत बसलो. त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्यानं परत विचारलं, जरा मोठ्यानं, "गाव कोणतं तुमचं?"

आपण दोघं ज्याच्यावरून एवढं भांडलो, ते त्यानं गिअर टाकता टाकता विचारलं.

मी औसा म्हणलं. औश्याच्या अलीकडं माझं गाव, तिथं घे. तू असतीस तर म्हणली असतीस, शेवटी स्वतःचंच खरं केलं. केलं. बायकोला नवऱ्याच्या गावी जाळतात, तशी रीत आहे, आणि त्यात मला अजूनही काही वावगं वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून मी हरलो असं समजू नकोस.

आपला जत्रेतला घोड्यांचा पाळणा, आपलं घर, सगळं आपल्या टेम्पोत होतं. लाकडी घोडे, दोन हत्ती, मधला लोखंडी खांब, ताडपत्री, तुझी चूल. जत्रा असेल तिथं जत्रा, नसेल तिथं बाजार. खड्डा खणून खांब रोवायचा, खांबाला आडवे दांडे, दांड्यांना घोडे, घोड्यांवर लेकरं, आणि मी ते सगळं गोल गोल ढकलत फिरायचं. तू पुढं उभी राहून ओरडायचीस, "चला, घोडा उपाशी हाय, बसा लवकर." तुझा आवाज भोंग्याच्या वर जायचा. आपल्याला लेकरू झालं नाही. त्यावर आपण कधी फार बोललो नाही, आताही बोलत नाही.

निघताना खांब उपटला की खड्डा भरायचं काम तुझं. मी दांडे बांधत असायचो, तू फावड्यानं माती ओढायचीस आणि वरून पायानं दाबायचीस, एकदा टाचेनं, एकदा चवड्यानं. मला घाई असायची. मी म्हणायचो, चल आता, लई झालं. तू म्हणायचीस, "रातीला एखाद्या जनावराचा पाय गेला खड्ड्यात, तर पुढल्या साली कोण उभं करंल आपल्याला?" नांदेड-लातूरच्या कुठल्याच मैदानात आपण खड्डा ठेवून गेलो नाही. एक जागा सोडून. तिच्यावर येतो.

पाऊस लागला की जत्रा संपायच्या. मग आपण कंधार-मुखेड रस्त्यावरच्या फाट्यावर जायचो. तिथं अनसूबाईचं पत्र्याचं चहाचं हॉटेल, हॉटेलामागं तिची मोकळी जागा. तोच पाळण्याचा खांब तिथं रोवायचा, त्यावरून ताडपत्री ताणायची, आणि वारा अडवायला घोडे कडेनं बांधून टाकायचे. दसऱ्यापर्यंत तेच आपलं घर. सकाळी तू अनसूबाईकडं भज्याचे कांदे कापायला जायचीस आणि मी घोडे रंगवायला बसायचो. दुपारी तुम्ही दोघी मोरीपाशी बसून हसायच्यात. कशावर ते मला कधी कळलं नाही. मी आलो की गप व्हायच्यात, म्हणजे माझ्यावरच असणार.

आता पत्त्याचं.

आधार कार्ड निघालं तेव्हा आपण दोघांनी मिळून अक्कल चालवली. मी म्हणलं, तू तुझ्या भावाच्या गावचा पत्ता दे, मुखेड तालुका. मी माझ्या पुतण्याकडचा देतो, औसा तालुका. दोन जिल्ह्यांत दोन पत्ते. कुठंही अडलं तर एक तरी कागद जवळचा निघंल. तू म्हणलीस, "हाव, बरोबर हाय." रेशनचंही तसंच केलं, तुझं नाव भावाच्या कार्डावर, माझं पुतण्याच्या. एका गावाला बांधलेल्या माणसाला हे सुचलं नसतं. लई हुशार समजलो आपण स्वतःला.

झालं उलटंच. मुखेडला काही निघालं की तिथं कागद माझा लागायचा, लातूरला निघालं की तुझा. टेम्पो लातूर पासिंगचा, त्याच्या विम्याचं पत्र जायचं पुतण्याकडं, आणि ते मला कळायचं विमा संपल्यावर, कंधारच्या नाक्यावर पोलिसानं हात केला की. तुझ्या गुडघ्याचं औषध फुकट मिळायचं ते तुझ्या भावाच्या गावच्या दवाखान्यात, आणि गुडघा दुखायचा औश्याच्या बाजारात.

मतदानाच्या दिवशी तर गंमतच. जत्रेतले बाकीचे जोडीनं जायचे, आणि आपण एकाच स्टँडवरून दोन वेगळ्या बसमध्ये बसायचो, तू इकडं, मी तिकडं. पाळणा त्या दिवशी बंद. संध्याकाळी परत आल्यावर दोघांच्या बोटाला शाई.

"कुणाला टाकलं?" तू विचारायचीस.

"न्हाई सांगत."

"मंग मी बी न्हाई सांगत." आणि थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "एका ताटात जेवतो, आन् मत दोन जिल्ह्यांत. लोक ऐकतील तर म्हणतील सोडचिठ्ठी झालीय."

मागच्या दोन-तीन पावसाळ्यांपासून तू नवीनच धरलं. दोघांचाही पत्ता फाट्याचा करायचा. अनसूबाई तयार होती. तिनंच सुचवलं असणार, मोरीपाशी.

"चार महिन्यांचं गाव असतंय का कुठं?" मी म्हणलं.

"मंग बाकीच्या आठ महिन्यांचं कोणतं हाय, सांगा की."

"गाव म्हणजे जिथं बापजाद्यांची जागा हाय."

"जागा कुठं हाय? ती तर तुमच्या भावानं कवाच इकली. तुमच्या पुतण्याच्या दारात तुमचं नाव हाय, तुम्ही न्हाई."

"आन् परक्याच्या दारात नाव लावू? उद्या अनसूबाईची सून येईल, म्हणंल हे म्हातारा-म्हातारी कोण, काढा यांना."

"पुतण्याची सून काय ओवाळणार हाय का तुम्हाला?"

हे असं दर पावसाळ्याला. एकदा तू चिडून म्हणलीस, "तुम्हाला अजून वाटून राहिलं की तिथं काहीतरी हिस्सा निघंल." मी उठून घोड्यांकडं गेलो. तुला वाटलं वर्मावर बोट ठेवलं.

हिश्शाचं काही नव्हतं, कौसा. ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. बाप मेला तेव्हा मी किनवटच्या बाजूला होतो. आपलं लग्न व्हायचं होतं, मी दुसऱ्याच्या पाळण्यावर कामाला होतो. मोबाईल तर नव्हताच. मोठ्या भावानं माणूस पाठवला, तो माणूस जत्रा-जत्रा विचारत फिरला, आणि मी सापडलो तेव्हा बापाचा तेरावा होऊन गेला होता. भाऊ म्हणला, तुला कुठं शोधायचं ते कुणाला सांगून तरी जात जा. तेव्हापासून माझं डोकं तिथंच अडकलं. माझं नाव एका जागी पाहिजे, जिथून कुणीतरी म्हणंल की हा आमचा आहे, शोधा याला. म्हणून औसा. दुसरं कारण नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणली असतीस ते मला माहीत आहे. म्हणली असतीस, "मी हाय की शोधायला." ते खरंच होतं, म्हणूनच सांगितलं नाही. भांडणात दुसऱ्याच्या हाती काठी कोण देतो?

औश्याच्या जत्रेत तुला दम लागला. तू हत्तीला धरून खाली बसलीस आणि म्हणलीस, काही न्हाई, धूळ गेली. लातूरला नेलं. तिथल्या खिडकीवरच्या मुलीनं रेशन कार्ड मागितलं, ते मुखेडकडं तुझ्या भावाच्या घरी. तुझ्या भावानं, शेषेरावानं, ते बसच्या कंडक्टरजवळ दिलं, मी स्टँडवरून घेतलं. मुलीनं तुझं कार्ड बघितलं, माझं बघितलं.

"आजोबा, तुम्ही यांचे कोण?"

"नवरा."

"कागदावर तर या नांदेड जिल्ह्यातल्या आणि तुम्ही इथले. यांच्या आधारवर पण वडिलांचं नाव आहे."

तिचं काही चुकत नव्हतं.  तू मागं चाकाच्या खुर्चीत बसली होतीस, बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी बोललीस. "लिवा बाई, नवराच हाय. दुसरं कोण फिरवंल मला एवढं? येडं माणूस हाय ते."

मुलगी हसली. मागं रांगेतले हसले. मीही हसलो बहुतेक. तिनं लिहून घेतलं. पुढं दोन-तीन दिवसांत तू गेलीस. त्या दिवसांचं काही लिहिण्यासारखं नाही. तू नळ्यांमधून बघत होतीस आणि मी तुझ्या पायांना तेल लावत होतो. टाच तुझी दगडासारखी झाली होती, खड्डे दाबून दाबून. शेवटी तू काहीतरी विचारत होतीस, मला समजलं नाही. "पाळणा झाकला का" असं असावं. मी हाव म्हणलं.

गावात पुतण्यानं, बालाजीनं, सगळं नीट केलं. त्याला नाव ठेवायला जागा नाही. लाकडं, माणसं, मंडप, कशाला कमी पडू दिलं नाही. मोबाईलवर त्यानं तुझा फोटो टाकला, आधारवरचाच, आणि खाली लिहिलं की आमच्या काकू, राहणार आमचं गाव. तू त्या गावात सलग एक आठवडा कधी राहिली नाहीस. स्मशानात बरीच माणसं होती. ती माझ्या बापाच्या नावावर आली होती. बायका दारात बसल्या होत्या, त्यातल्या एकीनं मला हळूच विचारलं, "भाऊजी, त्यांचं नाव काय हो?" मी सांगितलं, कौसल्या. ती म्हणली, चांगलं होतं. आणि मग तिनं ते नाव घेऊन रडायला सुरुवात केली. रडली मात्र मनापासून.

शेषेराव दुसऱ्या दिवशी आला. येताच पेटला.

"दाजी, कागदावर माझी बहीण आमच्या गावची हाय. तिला इथं काहून जाळलं?"

"नवऱ्याच्या गावी जाळत्यात."

"गाव तरी हाय का तुम्हाला?"

बालाजी मधी पडला, "मामा, आसं काय बोलायलाव? काका आमच्याच घरचे हायत." शेषेराव उठून बाहेर गेला. नंतर मोरीवर तोंड धुताना मी त्याला बघितलं. तो माझ्यासारखाच उभा होता, कुठं बसावं ते न कळून.

म्हणजे हिशोब असा झाला. मेलीस लातूरला. जळलीस औश्याजवळ. दवाखान्याच्या कागदावर तू मुखेडची. आणि जिथं तू पाय पसरून झोपायचीस त्या जागेचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

त्याच दिवशी दुपारी अनसूबाई आली. लातूरला बस बदलून. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बाहेरची माणसं भाकरी घेऊन येतात, ते तर गावातल्या सगळ्यांनीच केलं. पण ही फाट्यावरून फडक्यात भाकरी बांधून आली होती. सोबत वाटीभर शेंगदाण्याची चटणी, तुला लागते तशी जास्त तिखट. तिला तिथं कुणी ओळखत नव्हतं. ती उंबऱ्याच्या बाहेर बसली आणि बायका रडत होत्या तशी रडली नाही. भाकऱ्या दिल्या, मला म्हणली, "हॉटेल बंद ठेवून आले, भाऊ. आता निघते." आणि चप्पल घालताना मागं वळून, "पाऊस यायच्या आत खांब आणा."

तेवढंच. सांत्वनाचं एक अक्षर नाही. तुझीच मैत्रीण.

दहावा-तेरावा झाल्यावर बालाजी म्हणला, "काका, आता फिरणं बास करा. पत्ता इथलाच हाय, निराधार योजनेचा पगार इथं चालू होईल, समोरच्या खोलीत खाट टाकतो. त्या पाळण्याचं लोखंड भंगारात घालवून टाकू." त्यानं खाट टाकली, गादी नवी आणली. मी तिथं झोपून बघितलं. छत लई जवळ वाटायचं. मग अंगणातल्या टेम्पोत जाऊन झोपायचो. बालाजीची सून सकाळी चहा तिथंच आणून द्यायची. वाईट माणसं नाहीत ती. ओवाळणार नाही म्हणली होतीस, चहा तरी देते.

पण तिथं मला कुणी विचारलं नाही की पाळणा कधी उभा करता. घालवून टाकू म्हणले. घालवायचं म्हणलं ते त्यांच्या बाजूनं बरोबरच आहे, अंगण अडतं.

मी निघालो. बालाजीला सांगून निघालो, कुठं चाललो ते. बापाच्या वेळेचं लक्षात होतं.

फाट्याच्या गावच्या ग्रामसेवकाकडं अनसूबाई मला घेऊन गेली. रहिवासी दाखला पाहिजे, मग आधारवरचा पत्ता बदलतो. तो म्हणला, "किती वर्षांपासून राहता इथं?"

मी म्हणलं, "वर्षं नका विचारू. पावसाळे विचारा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, पावसाळ्याचा रकाना नाही हो इथं. घर कोणतं दाखवू?"

"माझ्या हॉटेलामागं," अनसूबाई म्हणली, "खांबाजवळ."

"खांब कुणाचा? वीज मंडळाचा?"

"यांचा."

त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं. अनसूबाईनं तिच्या घराचा उतारा पुढं सरकवला, राहू देते असं लिहून अंगठा दिला. पाणी भरायला बाहेर आलेल्या दोघा-तिघांना त्यानं विचारलं, यांना ओळखता का. एकजण म्हणला, "घोडेवाले ना? यांच्या घरच्या गेल्या की. खबर लागली तवा बाजार अर्ध्यातच उठला होता त्या दिवशी." मला हे अनसूबाईनंही सांगितलं नव्हतं. ग्रामसेवकानं लिहून दिलं.

मग मी विचारलं, "आणि तिचा?"

"कुणाचा?"

"बायकोचा. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर मुखेडकडचा पत्ता आहे. तोही इथला करायचा."

तो म्हणला, मेलेल्या माणसाचा पत्ता बदलत नाही, आजोबा. आहे तोच राहतो. चांगल्या शब्दांत सांगितलं त्यानं.

तर मी विचारलं होतं, एवढं तुला कळावं. झालं नाही. म्हणजे आता बी आपण दोन पत्त्यांवरच आहोत. पण मी कंधार तालुका, तू मुखेड तालुका. निदान जिल्हा एक झाला.

तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. चार महिन्यांच्या जागेला मी अजूनही गाव म्हणत नाही. पण मला शोधायचं कुणी म्हणलं तर इथंच शोधतील, हे मला दिसतंय. मला तेवढंच पाहिजे होतं. तुझ्या कारणानं नाही, माझ्या कारणानं आलोय मी इथं. हे भांडण तसंच राहू दे.

दाखला खिशात घालून हॉटेलामागं गेलो. दसऱ्यापासूनचं गवत वाढलं होतं. मी पहार काढली टेम्पोतून आणि खणायला जागा बघू लागलो. तेव्हा तो दगड दिसला. चपटा, शहाबादी फरशीचा तुकडा, कडेनं शेणानं लिंपलेला. मागच्या दसऱ्याला आपण निघालो तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो, एवढाच खड्डा का भरत नाहीस म्हणून. तू त्यावर फरशी ठेवलीस आणि म्हणलीस, "झाकलाय की. दर साली तीच जागा काहून खणायची?" मी म्हणलं, निघेल ती फरशी, एखादी म्हैस पडंल. तू म्हणलीस, "अनसूबाई बघंल."

तिनं बघितलं होतं. शेण ताजं होतं.

फरशी उचलली. खड्डा तसाच होता, कडा साफ, तळाला तू टाकलेली खडी. खांब एकट्यानं उभा करायला मला त्रास झाला, तू असतीस तर बुंधा धरला असतास. पण एकदा तोंडाशी आला तसा सरळ खाली गेला, हलवावा लागला नाही. ताडपत्री अजून टाकायची आहे. घोडे बांधायचे आहेत.

अनसूबाई चहा घेऊन आली, खांबाकडं बघून म्हणली, "बसला का?"

म्हणलं, बसला. आणि तिला सांगून ठेवलं. मी आहे तोवर दसऱ्याला निघताना फरशीच ठेवीन, तुम्ही लिंपा. पण माझं काही झालं की खांब काढा आणि हा खड्डा भरून टाका. टाचेनं दाबा, मग चवड्यानं. जनावर पडायला नको.